मितानिन ते आशा : बाळंतपणाच्या तयारीचा इतिहास

'बर्थ प्लॅन' म्हटले की तुम्हाला शहरातल्या दवाखान्याचा छापील कागद आठवेल. खेड्यातल्या गरोदर बाईसाठी मात्र तो चार प्रश्नांचा असतो : बाळंतपण कुठे, सोबत कोण, गाडी कोणाची, पैसे कुठून? कळा सुरू होण्याआधी हे प्रश्न तिला विचारायचे कोणी?

छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी स्थापन झाले. रायपूर राजधानी झाली. डॉक्टर थोडे, वस्त्या विखुरलेल्या. म्हणून 2002 मध्ये सुरू झालेल्या योजनेत प्रत्येक पाड्याने आपल्यातलीच एक स्त्री निवडायची होती. तिला नाव मिळाले 'मितानिन'. छत्तीसगडीत विधिपूर्वक जोडलेल्या, जन्मभर निभावायच्या मैत्रिणीला मितानिन म्हणतात.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने जन्मानंतरचा टप्पा हाती घेतला होता. 39 गावांत प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी नवजात बाळे तपासत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे हे दोन्ही धागे जुळले. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा'साठी मितानिन हा एक नमुना ठरला. 2011 पासून नवजात बाळासाठीच्या घरभेटीही आशांकडे आल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडेही 42 दिवसांत सहा भेटी ठरल्या.

तुमच्या गावातल्या आशाताईंना विचारा : त्या हे चार प्रश्न कितव्या महिन्यात विचारतात? जीव वाचणे पुष्कळदा त्या उत्तरावर अवलंबून असते.