खोकड, कोल्हा आणि मोकळा माळ

म्हैसूरच्या वायव्येचे हेब्बाळ आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. परंतु या मुलुखात माळ म्हणजे ओसाड जमीन, असा समज पूर्वी नव्हता. वोडेयर राजांनी, आणि पुढे हैदर व टिपू यांनी, अमृतमहाल गुरांसाठी विस्तीर्ण कुरणे राखली. कन्नडात त्यांना 'कावल' म्हणतात. गुरांसाठी राखलेल्या त्या गवतात काळविटाला आणि खोकडाला आपोआप आसरा मिळाला.

इंग्रजी 'फॉक्स'ला आपण सर्रास कोल्हा म्हणतो. वास्तविक आपल्याकडचा फॉक्स म्हणजे खोकड; वजन दोन-तीन किलो, शेपटीचे टोक काळे, बिळाला अनेक तोंडे. कुत्रे मागे लागताच ते बिळात शिरते आणि शिकार तिथेच संपते. मैलोगणती घोडदौडीची हौस असलेल्या इंग्रजांना हे कसे रुचावे? त्यांनी दमदार कोल्हा निवडला आणि विलायती कुत्र्यांचे ताफे त्याच्यामागे सोडले.

म्हैसूरहून बंडीपूरमार्गे दक्षिणेस गेले की उटी लागते. तेथील वेनलॉक डाउन्सच्या गवताळ टेकड्या हे या खेळाचे प्रसिद्ध क्षेत्र. खोलगट भागात 'शोला' नावाची दाट राई, भोवती मोकळे गवत. कोल्ह्याला लपायला एक आणि स्वारांना धावायला दुसरे. इंग्लंडात लेस्टरशायरच्या शिकाऱ्यांनी आपल्या सावजासाठी काटेरी गॉर्सची बने मुद्दाम लावली होती. तेथे लागवडीने सावज टिकले. निलगिरी पर्वतावर लागवडीनेच त्याचे रान गिळले. 1843 मध्ये तेथे ऑस्ट्रेलियातून जो वृक्ष आला, त्याला आपण पर्वताचेच नाव देऊन बसलो! स्वातंत्र्योत्तर काळात कातडी कमावण्यासाठी वॉटल आणि रेयॉनच्या लगद्यासाठी निलगिरी, अशी लागवड गवतावर पसरत गेली. गवताला वन मानायची सरकारी दृष्टीच नव्हती, असे मला वाटते.

कोल्हा चिवट, तो उसाच्या फडात राहतो, मुंबईच्या खारफुटीतही राहतो. खोकडाचे तसे नाही. शिकाऱ्यांनी ज्याला तुच्छ मानून सोडले, त्यालाच माळ गेल्याची झळ अधिक बसते. वाळवी, टोळ, उंदीर, सरडे, बोरे हा त्याचा आहार, आणि तो उघड्या जमिनीवरचा. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले. तेथील खोकडांचा माग काढणाऱ्या अभ्यासकांना ती पिकांच्या शेतांपेक्षा गवताळ माळावर आणि पडीक रानातच अधिक वावरताना आढळली.