केसपेपराची शाळा
पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, याचा आम्हां पिंपरी-चिंचवडकरांना अभिमान आहे. पण एखाद्याला ते सोसत नाही, जिवावर बेतते. आणि तो एखादा कोण, हे नोंदीवाचून नव्या डॉक्टराला कळावे कसे?

रुग्णाची नोंदच विद्यार्थ्याला घडविते, हे 1968 साली अमेरिकेत डॉ. लॉरेन्स वीड यांनी ठासून सांगितले. विद्यार्थ्याने एकेक तक्रार मांडावी, तिच्यापुढे आपला तर्क लिहावा व अध्यापकाने तो तपासावा, असा त्यांचा आग्रह. आमचा केसपेपर मात्र बहुधा कपाटासाठीच लिहिला जाई!

चाकणच्या पूर्वेस, वढू परिसरातील 22 गावांत, पुण्याच्या के. ई. एम. संशोधन केंद्राने 2002 पासून जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची घरोघर नोंद सुरू केली. कारखान्यांच्या मुलखात हे अगत्याचेच. आज चाकणला भाड्याने राहणारा कामगार उद्या तळेगावला जातो. दुखणे त्याच्याबरोबर जाते, कागद मागे राहतो.

केंद्र सरकारने 2013 साली संगणकीय आरोग्यनोंदींची मानके आखली, 2016 साली ती सुधारली. ती पाठ करून हात बसत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे कल्पित रुग्णांनी भरलेला संगणकच ठेवावा. एकाच कामगाराच्या, नावाच्या दोन स्पेलिंगांनी झालेल्या दोन नोंदी त्यांनी स्वतः हुडकाव्यात. पेनिसिलिनची सूचना एकीत आहे, दुसरीत नाही, हे नजरेस पडल्यावरच औषध लिहावे.