नाव, दान आणि करार : सार्वजनिक वास्तूंच्या नामाधिकाराचा एक विचार, मंगळवेढ्याच्या संदर्भात

१

सार्वजनिक मालकीच्या क्रीडागाराला अथवा सभागृहाला द्रव्य घेऊन एखाद्या व्यापारी संस्थेचे नाव काही वर्षांपुरते देणे, ही प्रथा आपल्याकडे नवी समजली जाते. तिचा उगम अमेरिकेत दाखविण्यात येतो, आणि आजच्या स्वरूपापुरते ते यथार्थही आहे. १९७३ साली बफेलो येथील काउंटीच्या मालकीच्या नव्या क्रीडागाराचे नाव 'रिच' या खाद्यपदार्थांच्या कंपनीने २५ वर्षांसाठी १५ लाख डॉलर देऊन घेतले. सार्वजनिक वास्तूच्या नामविक्रीचे ते प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण होय. परंतु द्रव्य आणि नाव यांचा विनिमय त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि महाराष्ट्रात त्याचा तेराव्या शतकातील लेखी पुरावा उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात या विनिमयाचे बदलते स्वरूप मंगळवेढे व त्याचा शेजार यांच्या आधारे तपासावयाचे आहे. हे गाव निवडण्याचे कारण असे की, नाव विकत घेता येते काय, या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे या एकाच गावाच्या इतिहासात व परंपरेत सापडतात.

प्रथम भाषेची साक्ष पाहू. मराठीत 'नाव' या शब्दाभोवती जे वाक्प्रचार आहेत, त्यांत दोन संबंध स्पष्टपणे वेगळे राखलेले आढळतात. घर एखाद्याच्या 'नावावर' असते तेव्हा त्याची मालकी अभिप्रेत असते. धर्मशाळा एखाद्याच्या 'नावाची' असते तेव्हा केवळ ओळख किंवा स्मरण अभिप्रेत असते. सप्तमीकडे झुकणारा 'वर' आणि षष्ठीचा 'ची' यांतील हे अंतर लहान नव्हे. नगरपालिकेचे मैदान नगरपालिकेच्या नावावर असते, पण ते कोणाच्याही नावाचे असू शकते. नामाधिकाराची विक्री म्हणजे या दोन विभक्तींमधील अंतराचे मोल करणे होय. पहिला संबंध जागच्या जागी ठेवून दुसरा तेवढा मुदतीने भाड्याने द्यावयाचा, हे तिचे सार. 'नाव काढणे' या प्रयोगाला कीर्ती मिळविणे आणि नाव पुसून टाकणे असे दोन्ही अर्थ आहेत, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. या व्यवहारात पहिल्या अर्थासाठी पैसा दिला जातो आणि पुष्कळदा दुसऱ्या अर्थाने शेवट होतो.

२

मंगळवेढ्यापासून सुमारे २५ किलोमीटरांवर पंढरपूर आहे. तेथील विठ्ठलमंदिरात 'चौऱ्यांशीचा लेख' या नावाने प्रसिद्ध असलेला शिलालेख शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या काळातील आहे. विठ्ठलाला ज्यांनी दाने दिली त्यांची ती नोंद आहे. यादव राजा रामचंद्रदेव व त्याचा करणाधिप हेमाद्री पंडित यांचाही लेखात उल्लेख येतो. ग. ह. खरे, शं. गो. तुळपुळे आदी अभ्यासकांनी या लेखाचा परामर्श घेतलेला असून प्राचीन मराठीच्या अभ्यासात त्याचे स्थान मोठे आहे. येथे मात्र त्याच्या भाषेपेक्षा त्याचे प्रयोजन पाहावयाचे आहे. ही एक देणगीदारांची यादी आहे. मंदिर समाजाच्या उपयोगाचे, द्रव्य व्यक्तींचे, आणि त्या द्रव्याच्या मोबदल्यात व्यक्तींचे नाव दगडावर. एवढ्यापुरती ती आजच्या व्यवहाराची पूर्वज ठरते.

परंतु भेद अधिक महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, या लेखात नाव दात्याचे असले तरी वास्तू दात्याची होत नाही. राजाचा उल्लेख आला म्हणून मंदिर रामचंद्रेश्वराचे झाले नाही; ते विठ्ठलाचेच राहिले. दुसरा भेद मुदतीचा. मध्ययुगीन दानलेखांत 'आचंद्रार्क', म्हणजे चंद्रसूर्य असेतोपर्यंत, अशी कालमर्यादा घालण्याचा प्रघात होता, आणि दान मोडणाऱ्यास शाप देणारी गधेगाळ कोरण्याची पद्धतही होती. दान एकदा दिले म्हणजे परत घेता येत नसे, म्हणून नावही परत काढावयाचे नसे. पंचवीस वर्षांचा करार ही कल्पनाच त्या विचारसरणीत बसणारी नव्हती.

या लेखाचे पुढे जे झाले ते बोधप्रद आहे. या शिळेला पाठ घासल्याने चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी श्रद्धा रूढ झाली, आणि शतकानुशतके भाविकांच्या पाठी लागून अक्षरे झिजली. ज्यांनी द्रव्य देऊन नाव कोरविले त्यांची नावे, ज्यांनी काही दिले नाही अशा लोकांच्या अंगस्पर्शाने अस्पष्ट झाली. आणि शिळेला जे नाव मिळाले ते कोणाही दात्याचे नाही, लोकांनी ठेवलेले आहे.

३

आता मंगळवेढ्याकडे वळू. कल्याणीस जाण्यापूर्वी कलचुरींचे ठाणे येथे होते. मात्र मराठी मनात हे गाव राजधानी म्हणून राहिलेले नाही. ते दामाजी, चोखोबा आणि कान्होपात्रा यांचे गाव म्हणून राहिले आहे.

परंपरेनुसार शके १२६० (इ. स. १३३८) मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि कामावर लावलेले महार मजूर त्याखाली गाडले गेले. चोखामेळा त्यांत होते. ज्या भिंतीच्या आत राहण्याचा त्यांना अधिकार नव्हता, ती भिंत बांधताना त्यांचा अंत झाला. नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या असे त्यांनी ओळखले आणि त्या पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे संतचरित्रे सांगतात. या कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी तिचे सामाजिक तथ्य उरतेच. मंगळवेढ्याचे कुसू ही निःसंशय सार्वजनिक वास्तू होती. तिच्यावर श्रम करणाऱ्यांची यादी कोणी केली नाही. साठपासष्ट वर्षांपूर्वी जवळच पंढरपुरात द्रव्यदात्यांची यादी दगडावर कोरली गेली होती. येथे प्राणदात्यांची यादी झाली नाही. त्यांतील एकाच मजुराचे नाव आपणास ज्ञात आहे, आणि तेही त्याने स्वतःच्या अभंगांनी राखले म्हणून. इतरांची नावे गेली. चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेर राहिली, आणि मंदिराचे द्वार अस्पृश्य मानलेल्यांना उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. सार्वजनिक वास्तूवर नाव कोणाचे असावे, हा प्रश्न केवळ पैसा देणाऱ्यांमधील निवडीचा नाही, हे येथे उघड होते.

दामाजीपंतांची कथा दुसऱ्या टोकाची आहे. बेदरच्या बादशहाच्या वतीने मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या दामाजींनी दुष्काळात सरकारी कोठारातील धान्य लोकांना वाटले. कोठार त्यांच्या नावावर नव्हते. त्यांना पकडून नेत असता विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम बेदरला भरली आणि पावती घेतली, असे आख्यान आहे. आपल्या दृष्टीने तिच्यातील मर्म असे की, भरणा करणाऱ्याने पावतीवर आपले थोर नाव न घालता गावातील सर्वांत हीन मानल्या गेलेल्या माणसाचे नाव घातले. देणारा नावाशिवाय देतो आणि नाव ज्याने वाटले त्याचे होते. आज मंगळवेढ्यातील सहकारी साखर कारखाना व महाविद्यालय दामाजींचे नाव धारण करतात. त्या नावासाठी कोणी कोणास काही दिलेले नाही. 'श्री संत दामाजी' हे नाव येथे विकले गेले नाही, ते गावाने आपण होऊन घेतले.

४

एकोणिसाव्या शतकात मुंबईत दान आणि नाव यांचा नवा मेळ बसला. माहीम व वांद्रे यांच्यामधील खाडीवर बांध घालण्याचा खर्च सरकार करीना, तेव्हा जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. १८४५ साली बांध खुला झाला. त्यांची अट अशी होती की, येणाऱ्याजाणाऱ्यांकडून जकात घेऊ नये. या दानातून नावही मिळाले. लेडी जमशेटजी रस्ता आजही आहे. परंतु मुख्य अट नावाची नव्हती, लोकांच्या सोयीची होती.

प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव असावे अशी त्यांची इच्छा होती. दुसऱ्याच वर्षी कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला आणि प्रेमचंदांचे दिवाळे वाजले. मनोरा १८७८ साली पुरा झाला व नाव राजाबाईचेच राहिले. दाता बुडाला तरी नाव बुडाले नाही, कारण द्रव्य आधी येऊन चुकले होते आणि नाव भाड्याने दिलेले नव्हते.

क्रीडागारांच्या बाबतीत संक्रमणाचे उदाहरण ब्रेबोर्न स्टेडियमचे होय. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला बॅकबे येथील भराव घालून मिळविलेल्या जमिनीपैकी सुमारे ९० हजार चौरस यार्ड जागा वारास साडेतेरा रुपये दराने मिळाली. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांना अँथनी डी मेलो यांनी, सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व, असे विचारले होते, अशी आख्यायिका सांगितली जाते. १९३७ साली क्रीडागार सुरू झाले. येथे नाव द्रव्याच्या मोबदल्यात नव्हे, तर सार्वजनिक जमिनीच्या सवलतीच्या मोबदल्यात गेले. म्हणजे मोल लोकांनी दिले आणि नाव अधिकाऱ्यास मिळाले. विक्री उघड नसली म्हणजे ती घडत नाही, असे समजू नये.

याउलट पुण्याजवळील गहुंजे येथील मैदानाचे. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या या मैदानाला सहारा समूहाचे प्रमुख सुब्रतो रॉय यांचे नाव दोनशे कोटींहून अधिक रुपयांच्या करारान्वये देण्यात आले. ठरलेली रक्कम न मिळाल्याने २०१३ साली ते नाव काढण्यात आले. अमेरिकेत ह्यूस्टनच्या क्रीडागारास एन्रॉन कंपनीचे नाव होते. कंपनी बुडाल्यावर २००२ साली तेथील संघाला २१ लाख डॉलर देऊन तो करार सोडवावा लागला. राजाबाईच्या मनोऱ्याशी ही तुलना करून पाहावी. दानात दात्याचे दिवाळे निघाले तरी वास्तूची ओळख अबाधित राहते. करारात ती देणाऱ्याच्या पतीबरोबर चढते आणि पडते.

५

वरील विवेचनावरून दान आणि करार यांतील भेद तीन अंगांनी मांडता येतो. दानात मोबदला आधी, करारात हप्त्याने. दानात नाव कायमचे, करारात मुदतीचे. दानात नाव बहुधा मृत अथवा पूज्य व्यक्तीचे, करारात चालू व्यापाराचे. यांपैकी एक श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ असे सरसकट म्हणता येणार नाही. मुदतीच्या करारात एक गुण आहे : त्यात नाव परत मिळते. आचंद्रार्क दिलेले नाव पुढील पिढ्यांचे हात बांधते. नगरपालिकेला मैदानाची निगा राखावयास द्रव्य लागते आणि ते कोठून तरी यावयासच हवे, हेही नाकारता येत नाही.

तथापि एक मर्यादा आपल्याच कायद्याने घालून दिलेली आहे, आणि तिचे उदाहरण पुन्हा मंगळवेढ्यातच सापडते. येथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले. भौगोलिक चिन्हांकनाच्या १९९९ च्या अधिनियमातील कलम २४ असे सांगते की, अशा नोंदणीकृत चिन्हांकनावरील हक्क दुसऱ्यास हस्तांतरित करता येत नाही, परवान्याने देता येत नाही, तारण ठेवता येत नाही. व्यापारचिन्ह विकता येते. गावाचे नाव विकता येत नाही. या तरतुदीमागील तत्त्व असे दिसते की, जे नाव अनेकांच्या श्रमाने आणि एका भूमीच्या गुणाने अर्थवान झाले, त्याचा कोणी एक धनी नसतो आणि म्हणून त्याचा विक्रेताही असू शकत नाही. 'मंगळवेढ्याची ज्वारी' ही षष्ठी विकाऊ नाही, असे कायदाच म्हणतो.

हेच तत्त्व सार्वजनिक वास्तूंना लावून पाहता येईल. नव्या, रिकाम्या भिंतीवर मुदतीचे नाव लावणे हा निराळा प्रश्न आहे. जेथे आधीच एखादे नाव लोकांनी रुजविले आहे, तेथे त्याच्यापुढे दुसरे नाव चिकटविणे हा निराळा. सोलापुरातील महापालिकेच्या इंदिरा गांधी क्रीडागाराला बोलण्यात 'पार्क मैदान' असेच म्हटले जाते. अधिकृत नाव पूज्य असूनही बोली आपले नाव सोडत नाही. व्यापारी नावाचे भवितव्य त्याहून वेगळे असेल असे मानण्यास भाषेच्या इतिहासात आधार नाही. म्हणजे नगरपालिका जे विकते ते फलकावरील नाव असते. तोंडातील नाव तिच्या मालकीचे नसतेच, म्हणून तिला ते विकताही येत नाही. खरेदीदारालाही ही गोष्ट आधी सांगणे न्यायाचे होईल.

अशा प्रत्येक व्यवहाराला अवाबाईंच्या अटीची कसोटी लावावी असे वाटते : नावाच्या मोबदल्यात लोकांसाठी कोणती जकात माफ झाली? मैदान मुलांना विनामूल्य खुले झाले काय? आणि दुसरी कसोटी चोखोबांच्या कुसवाची : ज्यांनी ते बांधले त्यांच्या नावांची एखादी यादी कोठे आहे काय? पंढरपूरच्या शिळेवर देणाऱ्यांची नावे आहेत. मंगळवेढ्याच्या भिंतीखाली गेलेल्यांच्या नावांची शिळा अद्याप कोणी कोरलेली नाही. नगराच्या वास्तूवरील जागेचा भाव ठरविण्यास जे बसतील, त्यांनी त्या जागेपैकी एक कोपरा विक्रीबाहेर राखावा. त्या कोपऱ्याला मोल ठरवू नये, एवढेच इतिहासाचे मागणे आहे.