एक्स-गुणसूत्राचे निष्क्रियन व त्यातून सुटणारी जनुके
सस्तन प्राण्यांच्या मादीत दोन एक्स-गुणसूत्रे, तर नरात एक एक्स व एक वाय गुणसूत्र असते. मादीच्या प्रत्येक कायिक कोशिकेत (शरीराच्या पेशीत) दोहोंपैकी एक एक्स भ्रूणावस्थेच्या आरंभीच बहुतांशी अकार्यक्षम होते. यास निष्क्रियन म्हणतात. त्यामुळे एक्सवरील बहुतेक जनुकांच्या (आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या एककांच्या) कार्याची मात्रा दोन्ही लिंगांत सारखी राहते. तथापि काही जनुके निष्क्रिय एक्सवरही कार्य करीत राहतात.

इतिहास : १९४९ मध्ये कॅनडात एम्. एल्. बार व ई. जी. बर्ट्रम यांना मांजराच्या मादीच्या तंत्रिका कोशिकांत एक गडद पिंड आढळला. नरात तो नव्हता. हा पिंड म्हणजे घट्ट गुंडाळलेले एक एक्स होय, हे सुसुमू ओनो यांनी १९५९ मध्ये दाखविले. १९६१ मध्ये इंग्लंडमधील हारवेल येथे मेरी लायन यांनी मादी उंदरांच्या ठिपकेदार रंगावरून असे प्रतिपादन केले की, मातेकडील किंवा पित्याकडील एक्स यदृच्छया निष्क्रिय होते व त्या कोशिकेच्या सर्व वंशजांत तेच निष्क्रिय राहते.

या कल्पनेस एक अडचण होती. टर्नर लक्षणसमूहात एकच एक्स असते, असे १९५९ मध्ये आढळले होते. दुसरे एक्स पूर्णपणे निरुपयोगी असते, तर या स्त्रियांत कमी उंची व अंडकोशांची अपुरी वाढ हे दोष दिसावयास नको होते. वायशी समरूप असलेला एक्सचा भाग निष्क्रियनातून सुटत असावा, असे लायन यांनी १९६२ मध्येच सुचविले. १९७९ मध्ये स्टेरॉइड सल्फेटेज या एंझाइमाचे जनुक निष्क्रिय होत नाही, असे सिद्ध झाले. उंचीशी निगडित असलेले व निष्क्रियनातून सुटणारे शॉक्स हे जनुक १९९७ मध्ये सापडले. दरम्यान १९९१ मध्ये, केवळ निष्क्रिय एक्सवरच व्यक्त होणारे एक्सआयएसटी हे जनुक ओळखले गेले होते.

व्याप्ती : २००५ मध्ये एल्. कॅरेल व एच्. एफ्. विलर्ड यांना मानवी एक्सवरील सु. १५ टक्के जनुके निष्क्रियनातून सुटतात आणि आणखी सु. १० टक्के जनुकांबाबत स्त्री-स्त्रीत फरक पडतो, असे आढळले. हे निष्कर्ष प्रामुख्याने त्वचेतील तंतुकोशिकांवर आधारलेले होते. फुप्फुसासारख्या ऊतकात दोन्ही प्रकारच्या कोशिका मिसळलेल्या असल्याने दोन्ही एक्सवरील संदेश एकत्रच मिळतात. म्हणून एकेक कोशिका वेगळी तपासावी लागते. २०१७ मध्ये फुप्फुसासह २९ ऊतके व ९४० एकल कोशिका यांच्या अभ्यासातून किमान २३ टक्के जनुकांचे निष्क्रियन अपूर्ण असल्याचे दिसले.

महत्त्व : केडीएम६ए, एटीआरएक्स इ. काही अर्बुदरोधक जनुके निष्क्रियनातून सुटतात. पुरुषात अशा जनुकाची एकमेव प्रत बिघडली की संरक्षण संपते. स्त्रीत दुसरी प्रत कार्यरत असते. अनेक कर्करोगांचे प्रमाण पुरुषांत अधिक असण्याचे हे एक कारण असल्याचे २०१७ मध्ये दाखविण्यात आले. यामुळे एका लिंगाच्या कोशिकांवरील निष्कर्ष दुसऱ्यास तसेच लागू करणे सयुक्तिक ठरत नाही.