बिल्बाओचे साहाय्यखाते

७ ऑक्टोबर १९३६ रोजी गेर्निका गावातील ओक वृक्षाखाली, ज्याच्या छायेत बिस्काया प्रांताचे प्रतिनिधी शतकानुशतके सभा भरवीत आले आणि जेथे येऊन कास्तीलच्या राजांनीही प्रांताच्या परंपरागत सनदा पाळण्याची शपथ वाहिली, त्या स्थळी होसे आंतोनियो आगिरे या अवघ्या बत्तीस वर्षांच्या पुढाऱ्याने बास्क देशाच्या पहिल्या स्वायत्त सरकारचे अध्यक्षपद ग्रहण केले. अकरा जणांच्या या मंत्रिमंडळात कॅथलिक राष्ट्रवादी होते, समाजवादी होते, प्रजासत्ताकवादी होते आणि एक साम्यवादीही होता. संरक्षणखाते आगिरे यांनी आपल्याकडे ठेवले. अर्थ, न्याय आणि अंतर्गत बंदोबस्त ही वजनदार खाती त्यांच्या पक्षाकडे राहिली. आणि सामाजिक साहाय्य या नावाचे खाते बिल्बाओचे समाजवादी पुढारी हुआन ग्रासिया यांच्या हवाली करण्यात आले. आगिरे यांचा पुतळा आज बिल्बाओ शहरात उभा आहे; ग्रासिया यांचे नाव मात्र इतिहासग्रंथांत बहुधा मंत्र्यांच्या यादीपुरतेच येते. हा विसर मला अन्यायाचा वाटतो, कारण त्या अल्पायुषी सरकारने आपल्या भूमीवर जे काही केले, त्यांतील सर्वांत मानवी आणि सर्वांत वादग्रस्त काम याच खात्याच्या दफ्तरातून झाले.

या सरकारचा मुलूख किती होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. स्वायत्ततेचा कायदा माद्रिदच्या लोकसभेने १ ऑक्टोबरला संमत केला, तेव्हा स्पेनमधील लष्करी बंडाला अडीच महिने होत आले होते. फ्रान्सच्या सीमेवरील इरून ५ सप्टेंबरला आणि सान सेबास्तियान १३ सप्टेंबरला बंडखोरांच्या हाती गेले होते. त्यामुळे कागदावर तीन प्रांतांचे असलेले हे सरकार प्रत्यक्षात जवळजवळ एकट्या बिस्काया प्रांतावरच अंमल करू शकत होते. शेजारच्या गिपुस्कोआ प्रांतातून हजारो कुटुंबे, अंगावरच्या वस्त्रांनिशी आणि हाती लागले तेवढे सामान घेऊन, रस्त्याने व समुद्रमार्गाने बिल्बाओकडे लोटली. ग्रासिया यांच्या खात्याचा आरंभ असा इतरांच्या सर्वस्वनाशातून झाला.

हे खाते एका समाजवाद्याकडे जावे, यालाही पूर्वपीठिका आहे. बिल्बाओच्या नदीकाठी लोखंडाच्या खाणींवर आणि पोलादाच्या भट्ट्यांवर जे वैभव उभे राहिले, त्याच्या तळाशी खाणमजुरांचे जिणे होते: मालकाच्याच बराकीत निजावयाचे, मालकाच्याच दुकानातून वाटेल त्या भावाने शिधा घ्यावयाचा आणि मजुरीचा मोठा हिस्सा अशा रीतीने पुन्हा मालकाच्याच तिजोरीत भरावयाचा, असा तेथील शिरस्ता होता. १८९० साली या सक्तीविरुद्ध मोठा संप झाला आणि तेव्हापासून बिल्बाओ हे स्पेनमधील समाजवादी चळवळीचे एक प्रमुख ठाणे बनले. दुसऱ्या बाजूस शहरातील जुने अनाथ-वृद्धाश्रम, धर्मसंस्थांचे अन्नछत्र आणि श्रीमंतांच्या देणग्या यांची परंपरा होतीच, आणि तिची निर्भर्त्सना करण्याचे कारण नाही. अनेक निराधारांना तिनेच जगविले. परंतु दात्याच्या मर्जीवर अवलंबून असलेले अन्न आणि राज्याने आपले कर्तव्य म्हणून दिलेले अन्न यांत घेणाऱ्याच्या मनाला जो फरक जाणवतो, तो खाणीतील माणसांना पिढ्यान् पिढ्या कळत होता. साहाय्य हे स्वतंत्र मंत्र्याचे स्वतंत्र खाते झाले, ते अर्थखात्याच्या आणि न्यायखात्याच्या बरोबरीने एकाच मेजाभोवती बसले, यात मला त्या सरकारची थोरवी दिसते.

पहिला हिवाळा निवाऱ्याच्या आणि शिध्याच्या विवंचनेत गेला. निर्वासितांना रिकाम्या घरांतून व सार्वजनिक इमारतींतून जागा द्यावयाच्या, सामुदायिक भोजनालये चालवावयाची, आघाडीवर गेलेल्यांच्या घरच्यांकडे पाहावयाचे, अशी ही कामे होती. धान्य मिळविणे हे दुसऱ्या मंत्र्याचे काम होते. पण बंडखोरांच्या नौदलाने बंदराची नाकेबंदी केल्यावर टंचाईची झळ साहाय्यखात्याच्या रांगांनाच आधी लागत असे. पाव काळा झाला आणि हरभऱ्यावर दिवस निघू लागले. २० एप्रिल १९३७ रोजी ‘सेव्हन सीज स्प्रे’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज नाकेबंदीला न जुमानता धान्य घेऊन नदीत शिरले, तेव्हा दोन्ही तीरांवर लोक त्याच्या स्वागतास जमले होते.

तोपर्यंत आकाशातून मृत्यू येऊ लागला होता. ३१ मार्चला दुरांगोवर आणि २६ एप्रिलला, बाजाराच्या सोमवारी, गेर्निकावर जर्मन व इटालियन विमानांनी बाँब टाकले. मुलांना परदेशी पाठविण्याची तजवीज मार्चमध्येच सुरू झाली होती आणि पहिली तुकडी फ्रान्सच्या ओलेरों बेटावर पोहोचली होती. परंतु गेर्निकाच्या भस्मातून जो आकांत उठला, त्यानंतर हे काम साहाय्यखात्याचे सर्वांत मोठे काम होऊन बसले. वर्तमानपत्रांतून जाहीर सूचना निघाल्या आणि ज्या आईबापांनी काही महिन्यांपूर्वी अशी कल्पनाही मनात आणली नसती, ते आपल्याच हातांनी आपल्या मुलांची नावे यादीत घालण्यासाठी कचेरीच्या दारी उभे राहिले.

या याद्या कशा झाल्या, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. ब्रिटिश सरकारने मुलांना उतरू देण्यास कबुली दिली ती नाखुशीने, आणि त्यांच्या खर्चासाठी सरकारी तिजोरीतून एक छदामही मिळणार नाही या अटीवर. दर मुलामागे आठवड्याला दहा शिलिंगांची हमी इंग्लंडमधील स्वयंसेवी समितीने घेतली. मुलांच्या पाठवणीची व्यवस्था लावण्यासाठी लीआ मॅनिंग या ब्रिटिश बाई बिल्बाओत ठाण मांडून बसल्या होत्या. दोन ब्रिटिश डॉक्टरांनी एकेका मुलाची तपासणी केली. आणि बास्क सरकारने मुलांची निवड करताना असा दंडक पाळला, की पालकांच्या राजकीय पक्षांचे जनतेत जे बळ असेल त्या प्रमाणात त्यांच्या मुलांना जागा मिळाव्यात. शत्रू दहा-वीस कोसांवर आलेला असताना, आणि खाते एका समाजवाद्याच्या अखत्यारीत असताना, राष्ट्रवादी शेतकऱ्याच्या मुलीला आणि साम्यवादी कामगाराच्या मुलाला आपापला न्याय्य वाटा मोजून देण्याचा हा प्रयत्न मला कोणत्याही रणविजयाहून अधिक आदरणीय वाटतो. निकडीच्या काळात आपल्या माणसांना आधी होडीत बसविण्याचा मोह किती सत्ताधाऱ्यांना आवरला आहे?

२१ मे १९३७ रोजी पहाटे सांतुर्त्सी बंदरातून ‘हबाना’ हे जहाज निघाले. सुमारे आठशे प्रवाशांसाठी बांधलेल्या त्या जहाजावर जवळजवळ चार हजार मुले होती. त्यांच्यासोबत शिक्षिका, मदतनीस स्त्रिया आणि पंधरा धर्मगुरू होते. प्रत्येक मुलाच्या कपड्यावर क्रमांक लिहिलेला पुठ्ठ्याचा षट्कोनी बिल्ला टाचला होता. तीन महिन्यांत परत येऊ, असे मुलांना सांगण्यात आले होते, आणि सांगणाऱ्यांचाही त्यावर विश्वास होता. वाटेत समुद्र खवळला; दाटीवाटीने निजलेली मुले आजारी पडली. दोन दिवसांनी साउदॅम्प्टनला पोहोचल्यावर गावभर पताका फडकताना दिसल्या. ब्रिटिश राजाच्या नुकत्याच झालेल्या राज्याभिषेकाच्या त्या पताका आपल्याच स्वागतासाठी लावल्या आहेत, असे पुष्कळ मुलांना वाटले. जवळच स्टोनहॅम येथे तंबूंची छावणी होती. महिन्याभराच्या आत, १९ जूनला बिल्बाओ पडले आणि ती वार्ता ध्वनिक्षेपकावरून छावणीत सांगण्यात आली, तेव्हा जो आक्रोश झाला त्याची हकिकत प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी नमूद केली आहे.

फ्रान्स, बेल्जियम, सोव्हिएत रशिया, स्वित्झर्लंड असे मिळून सुमारे वीस हजार बास्क मुले देशाबाहेर गेली. या निर्णयावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. रशियात गेलेली सुमारे दीड हजार मुले दुसऱ्या महायुद्धाच्या वणव्यात सापडली आणि त्यांतील ज्यांना मायदेश पुन्हा दिसला, त्यांपैकी बहुतेकांना तो दिसावयास १९५६ साल उजाडले. इंग्लंडमधील बहुसंख्य मुले दोन-तीन वर्षांत परतली. काहींचे आईबाप तुरुंगात होते, काहींचे कोठेच नव्हते. ही किंमत थोडी नाही. तरीही गेर्निकाचा बाजार जळाल्यावर मुलांना बिल्बाओतच ठेवावयास हवे होते, असे म्हणणाऱ्याने त्या मे महिन्यात शहरात राहून तसे म्हटले असते, तर त्याच्या शब्दाला वजन आले असते. माझ्या मते निर्णय बरोबर होता.

बिल्बाओ पडल्यावर सरकार पश्चिमेकडे सान्तान्देरला, पुढे बार्सिलोनाला आणि शेवटी फ्रान्समध्ये गेले. आरोग्यमंत्री आल्फ्रेदो एस्पिनोसा यांचे विमान दग्याने शत्रूच्या मुलखात उतरविण्यात आले आणि २६ जूनला त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ग्रासिया यांचे खाते निर्वासितांचे खाते होते, ते आता निर्वासित सरकारचे खाते झाले; मुलूख गेला, खजिना गेला, तरी वसाहतींतील मुले, छावण्यांतील कुटुंबे आणि हरवलेल्यांच्या चौकशा यांचा कारभार थांबू शकत नव्हता.

बिल्बाओच्या पाडावानंतर चारच दिवसांनी, २३ जून १९३७ रोजी, बंडखोरांचे नेते फ्रँको यांनी एका फर्मानाने बिस्काया आणि गिपुस्कोआ या दोन प्रांतांचा स्वतः करवसुली करून माद्रिदला ठरीव रक्कम भरण्याचा १८७८ पासूनचा हक्क शिक्षा म्हणून काढून घेतला. आजच्या बास्क समाजकल्याणाचा पाया शोधू जाता आपण याच हक्कापाशी येऊन पोहोचतो. १९७९ च्या, स्वायत्ततेच्या गेर्निका सनदेने सामाजिक साहाय्याचा पूर्ण अधिकार बास्क सरकारला दिला, १९८१ मध्ये करवसुलीचा हक्क परत मिळाला, आणि हातात अधिकार व तिजोरी दोन्ही आल्यावर १९८९ मध्ये, पोलादाच्या भट्ट्या एकामागून एक विझत असताना, गरीब कुटुंबांना किमान उत्पन्न देणारी योजना स्पेनमध्ये प्रथम याच प्रदेशाने अमलात आणली. २००८ च्या कायद्याने उत्पन्नाची ही हमी अधिक विस्तृत केली. पुढे २०१२ ते २०१५ या काळात रोजगार व समाजधोरणाचे खाते सांभाळणारे हुआन मारिया आबुर्तो त्या खात्यातून थेट बिल्बाओचे महापौर झाले. १९३६ साली जे खाते वजनदार खात्यांत मोडत नव्हते, त्याचा कारभार आज त्या शहरात महापौरपदाच्या उमेदवारीस पुरेशी पात्रता मानला जातो. ग्रासिया यांच्या वाट्याला मात्र हे खाते आले, तेव्हा त्यांच्यापाशी ना भरलेली तिजोरी होती ना वेळ, आणि तरीही त्यांनी ते चालवून दाखविले.