स्थानिक स्वराज्य संस्थांची पुरवठा कंत्राटे व लघुउद्योग : शिरूर–दौंड परिसर

स्थानिक स्वराज्य संस्थेला आपली कामे पार पाडण्यासाठी लागणाऱ्या वस्तू व सेवा बाहेरील उत्पादकाकडून वा व्यापाऱ्याकडून ठरावीक दराने व अटींवर घेण्यासाठी झालेला करार म्हणजे पुरवठा कंत्राट होय. खडी व मुरूम, दिवाबत्तीचे साहित्य, नळ व त्यांचे जोडसाहित्य, पाणी शुद्ध करण्यासाठी तुरटी व विरंजक चूर्ण, शाळांची बाके, छापील नोंदवह्या, अंगणवाडीतील आहार इत्यादींचा त्यात समावेश होतो. मक्ता ही याच्या उलट पद्धती होय. मक्त्यात खाजगी व्यक्ती संस्थेला ठोक रक्कम देऊन एखादा कर वा शुल्क वसूल करण्याचा हक्क लिलावात घेते. पुरवठा कंत्राटात संस्था पैसे देते व माल घेते. ग्रामीण व्यवहारात दोन्हींना ‘ठेका’ म्हणण्याचा प्रघात असल्याने त्यांची गल्लत होते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे दोन तालुके या व्यवहाराच्या अभ्यासास उपयुक्त आहेत. शिरूर (घोडनदी) हे घोड नदीकाठी पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) रस्त्यावर, तर दौंड हे भीमाकाठी लोहमार्गाच्या प्रस्थानकावर वसले आहे. पहिल्याची बाजारपेठ लष्करी छावणीमुळे, तर दुसऱ्याची लोहमार्गामुळे वाढली. दोन्ही ठिकाणी सरकारी गिऱ्हाइकाला माल पुरविण्याची परंपरा नगरपालिकेइतकी किंवा तिच्याहून जुनी आहे.

पूर्वपीठिका : गावगाड्यात सार्वजनिक गरजा भागविण्याचे काम बलुतेदारांकडे असे. लोहार, सुतार, कुंभार, चांभार यांचा पुरवठा वंशपरंपरेने ठरलेला असून मोबदला सुगीत धान्यरूपाने मिळे. त्यात स्पर्धा नव्हती, तसाच पुरवठादार बदलण्याचा मार्गही नव्हता [⟶ बलुतेदारी].

वसईच्या तहानंतर (१८०२) इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तळ शिरूरला पडला. तिचा एक सेनापती कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये येथेच मरण पावला. त्याची समाधी शिरूरमध्ये आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडे निघाली ती याच तळावरून. दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. अशा छावणीला रोज धान्य, वैरण, सरपण, नाल व चामड्याचे सामान लागे. मोबदला नगद असला, तरी माल आधी द्यावा लागे व पैसे मागाहून मिळत. त्यामुळे बलुतेदाराऐवजी भांडवल राखून असलेला व्यापारी पुढे आला. कारागिराचे कसब व पुरवठादाराचे भांडवल यांची ही फारकत पुढील सर्व इतिहासात टिकून राहिलेली दिसते.

मुंबई–पुणे लोहमार्ग पुढे सोलापूरपर्यंत १८६० मध्ये पोहोचला आणि १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड हे प्रस्थानक बनले. लोहमार्गाने स्थानिक मालाला दूरची पेठ दिली. त्याचबरोबर मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याला तालुक्याच्या पेठेत आणून सोडले. स्थानिक पुरवठादाराची दूरच्या मोठ्या पुरवठादाराशी होणारी स्पर्धा येथून सुरू होते. त्याच सुमारास, १८७५ मध्ये, भीमथडी तालुक्यातील सुपे येथून उसळलेले दख्खनचे दंगे शिरूर तालुक्यातही पसरले. कर्ज महाग आणि सावकार हाच एकमेव आधार, ही त्यामागील स्थिती केवळ शेतकऱ्यापुरती नव्हती. उधारीवर माल पुरवू पाहणाऱ्या लहान कारागिरालाही तिचाच सामना करावा लागे.

नगरपालिका व लोकल बोर्डे : शहरसुधारणेच्या १८५० च्या कायद्याखाली अनेक गावांत नगरपालिका स्थापन झाल्या, शिरूरची नगरपालिका १८६८ मधील. १८६३ पासून जमीन महसुलाच्या दर रुपयास एक आणा याप्रमाणे स्थानिक उपकर घेण्यात येऊ लागला व १८६९ च्या कायद्याने त्याला विधिरूप मिळाले. त्यातून रस्ते व शाळा यांवर खर्च होऊ लागला. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि निवडून आलेल्या सभासदांच्या हाती खर्चाचे अधिकार आले.

अधिकाराबरोबर संशयही आला. आपल्याच नगरपालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला सभासद होण्यास अपात्र ठरविणारी तरतूद नगरपालिका कायद्यांत आली व ती १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमातही कायम आहे. १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमाने या संस्थांचे हिशेब सरकारी लेखापरीक्षकांच्या कक्षेत आणले. मोहोरबंद निविदा, तुलनात्मक तक्ता आणि निम्नतम दराची स्वीकृती ही त्रयी याच संशयाचे अपत्य होय. तिचा हेतू सभासदाच्या हातून होणारा पक्षपात रोखणे हा होता. लहान उत्पादकाला वाव देणे हा नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळ : लघुउद्योगांना सरकारी खरेदीत स्थान द्यावे, हा विचार स्वातंत्र्यानंतर दृढ झाला. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्राम व लघुउद्योग समितीने १९५५ मध्ये विकेंद्रित उद्योगांचा पुरस्कार केला. त्याच वर्षी राष्ट्रीय लघुउद्योग निगम व १९६२ मध्ये महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळ स्थापन झाले. केंद्राच्या भांडार-खरेदी कार्यक्रमात काही वस्तू केवळ लघुउद्योगांकडून घेणे व इतर वस्तूंत त्यांना पंधरा टक्क्यांपर्यंत दर-अधिमान देणे, अशा सवलती होत्या.

याच काळात खरेदीदारही वाढले. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम व १ मे १९६२ पासून अंमलात आलेला जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम यांमुळे शाळा, दवाखाने, रस्ते व पाणीपुरवठा यांचा खर्च तालुक्याच्या पातळीवर आला. खर्चाचे नियम जिल्हा परिषदांसाठी १९६८ च्या, तर नगरपरिषदांसाठी १९७१ च्या लेखासंहितेने घालून दिले. बांधकामांच्या वाटपात मजूर सहकारी संस्थांना ३३ टक्के, सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना ३३ टक्के व खुल्या स्पर्धेला ३४ टक्के असे सूत्र पुढे राज्यात रूढ झाले. वस्तूंच्या पुरवठ्याला मात्र असे सर्वमान्य सूत्र लाभले नाही. मजुराला सहकाराचे छत्र मिळाले. लोखंडी बाके बनविणारा वा नोंदवह्या छापणारा एकटाच राहिला.

शिरूर तालुक्यात रांजणगाव व दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यावर लघुउद्योगांना मोठ्या कारखान्यांची पूरक कामे मिळण्याची वाट खुली झाली. कारखाना बंद पडला वा त्याची मागणी घटली, तर पूरक उद्योग लगेच अडचणीत येतो. स्थानिक संस्थेची मागणी मोठी नसली, तरी दरवर्षी येणारी असते. म्हणूनच तिचे महत्त्व रकमेच्या मानाने अधिक आहे.

आधुनिक कार्यपद्धती : राज्याच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीची सुधारित नियमपुस्तिका प्रसृत केली. अल्प रकमेची खरेदी दरपत्रके मागवून व त्यावरील खरेदी ई-निविदेने, हे तिचे मुख्य तत्त्व होय. मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच मागणीचे तुकडे पाडणे हा लेखापरीक्षणातील नेहमीचा आक्षेप आहे. ई-निविदेत साधारणतः दोन लिफाफे असतात : पहिल्यात नोंदणी, कर, अनुभव व बयाणा रकमेची कागदपत्रे, दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा अपुरा असल्यास दुसरा उघडतच नाही. दर उत्तम असूनही लहान पुरवठादार पुष्कळदा येथेच बाद होतो. यासाठी अंकीय स्वाक्षरी, वस्तू व सेवा कराची नोंदणी, उद्यम नोंदणी व पूर्वीच्या पुरवठ्याचे दाखले वर्षभर सज्ज ठेवणे, निविदेतील विनिर्देश अक्षरशः पाळणे, निविदापूर्व बैठकीत शंका लेखी मांडणे आणि प्रथम दरपत्रकावरील लहान कामे घेऊन अनुभवाचा दाखला मिळविणे, हा व्यवहार्य क्रम ठरतो. २०१६ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या शासकीय ई-बाजारपेठेतूनही स्थानिक संस्था खरेदी करू शकतात.

कायद्याच्या आधाराबाबत दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणाने सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून प्रथम २० व २०१८ नंतर २५ टक्के खरेदी आवश्यक केली. परंतु ते केंद्रीय मंत्रालये, खाती व सार्वजनिक उपक्रम यांना लागू आहे, नगरपरिषदेला वा पंचायत समितीला नाही. याउलट, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमातील देयकाची तरतूद खरेदीदार कोणीही असला तरी लागू होते. करारात कोणतीही मुदत लिहिली, तरी ती ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते व सूक्ष्म-लघु उपक्रमाला सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. केवळ व्यापार करणाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली, तरी तिचा लाभ अग्रक्रम कर्जापुरता मर्यादित ठेवण्यात आला. म्हणजे माल बनविणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते तोच माल विकत घेऊन पुरविणाऱ्याला नाही.

अटींचा प्रश्न : स्पर्धा खुली असूनही तिच्या अटी लहानांना वगळू शकतात, हे अंगणवाडी आहाराच्या प्रकरणात ठळकपणे दिसले. हा पुरवठा ठेकेदारांकडून न घेता स्थानिक बचत गट व महिला मंडळांकडून घ्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी दिला होता. महाराष्ट्रात २०१६ मध्ये निघालेल्या निविदेच्या अटी मात्र लहान गटांच्या आवाक्याबाहेरच्या होत्या, असा आक्षेप आला. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या प्रकरणात २६ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द ठरवून नव्याने निविदा काढण्यास सांगितले. उलाढाल, यंत्रसामग्री व पुरवठ्याच्या क्षेत्राचा आकार यांविषयीच्या अटी वरकरणी तांत्रिक असल्या, तरी कोणाला दारात येऊ द्यावयाचे हे त्याच ठरवितात, हा या प्रकरणाचा बोध होय.

छावणीच्या बाजारापासून ई-निविदेपर्यंत पद्धती बदलत गेली; पक्षपाताला आळा घालण्यात तिने बरीच मजल मारली. परंतु माल आधी व पैसे नंतर, ही व्यवहाराची मूळ घडण तशीच राहिली. जो वाट पाहू शकतो तोच पुरवठादार टिकतो. मोठ्या मागणीचे क्षेत्रवार लहान भाग जाहीरपणे करणे, अनुभवाच्या अटी कामाच्या आकाराशी जुळत्या ठेवणे व देयके मुदतीत अदा करणे या तीन गोष्टी स्थानिक संस्थेच्या हाती आहेत. त्या साधल्या, तर नगरपरिषदेने कररूपाने गोळा केलेल्या पैशाचा काही भाग गावातील कारखान्यात परत फिरतो. न साधल्यास निविदा खुली राहूनही लहान उत्पादक तिच्याबाहेरच राहतो.