शिट्टी कुणाच्या पेठेतली?

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ असा सामना सुटला की गर्दी वेगवेगळ्या वाटांनी पांगते, पण विषय सगळीकडे एकच असतो. हँड होता का नव्हता? गोल कुणी मारला हे कुणी कुणाला सांगत बसत नाही, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. वाद पेटतो तो न दिलेल्या पेनल्टीवरून, उशिरा वर गेलेल्या झेंड्यावरून आणि ‘चांगल्या खेळणाऱ्या पोराला बाहेर का काढलं’ यावरून. रात्री तो चहाच्या गाडीवर रंगतो, दुसऱ्या दिवशी तालमीच्या कट्ट्यावर येतो आणि पुढच्या हंगामात त्याच दोन संघांची गाठ पडली की पुन्हा उकरून काढला जातो. बाहेरची माणसे याला नुसती ईर्षा म्हणतात. मला मात्र हा वाद कोल्हापूरच्या फुटबॉलची जुनी आणि सांभाळण्याजोगी मिळकत वाटतो. त्याचे मूळ शोधायला निघाले की एक वाट लंडनला जाते आणि दुसरी खासबागेत.

लंडनची वाट आधी पाहू. १८६३ च्या डिसेंबरात तिथे फुटबॉल असोसिएशनने खेळाचे तेरा नियम लिहिले, त्यांत पंच नव्हताच. सभ्य माणसे खेळणार, चूक झाली तर स्वतःच कबूल करणार, आणि मतभेद झालाच तर दोन्ही कर्णधार आपसांत मिटवणार, असे गृहीत होते. ते फार काळ टिकले नाही. प्रत्येक संघ आपापला एक अंपायर आणू लागला. खेळाडूंनी दाद मागितली तरच अंपायर बोलायचा, आणि दोन अंपायरांचे जमले नाही की रेषेबाहेर घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला विचारले जायचे. तो तिसरा माणूस म्हणजे रेफ्री. १८८१ मध्ये नियमांत त्याचा उल्लेख आला. १८९१ मध्ये त्याला मैदानाच्या आत घेतले, अंपायरांच्या हाती झेंडे देऊन त्यांना रेषेवर पाठवले, आणि त्याच वर्षी पेनल्टी किकचा नियम झाला. तो सुचवणारा विल्यम मॅक्रम हा आयर्लंडमधला एक गोलकीपर. इंग्लंडमधल्या बड्या घरच्या खेळाडूंना या नियमाचा राग आला, कारण खेळाडू मुद्दाम फाऊल करतो हे त्यात धरून चालले होते. त्यांच्या लेखी तो अपमान होता.

मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तोही १८९१ मध्येच. म्हणजे महाराष्ट्रात फुटबॉल रुजू लागला तो रेफ्री, शिट्टी आणि पेनल्टी घेऊनच. कर्णधारांनी आपसांत मिटवायचा खेळ आपल्याकडे कधी आलाच नाही. आला तो निकाल सोपवण्याचा खेळ, आणि सोपवलेल्या निकालावर शंका घेण्याची मुभाही त्याच्याबरोबर आली.

आता खासबाग. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला जो आश्रय दिला, त्यातून गल्लोगल्लीच्या तालमींना बळ आले आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. मातीतल्या कुस्तीचा निकाल कसा लागतो, हे इथल्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाही. पाठ जमिनीला टेकली, चितपट झाली, विषय संपला. पंच हात वर करतो तो रीत म्हणून. निकाल हरलेल्या पैलवानाच्या पाठीवर मातीने लिहिलेला असतो आणि मैदानात बसलेला शेवटचा माणूसही तो वाचू शकतो.

कोल्हापूरचा फुटबॉल याच तालमींच्या अंगणात वाढला. संघांची नावेच पाहा: पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गल्लीचा गणपती तिथला, मोहरमचा पंजा तिथला, भांडण मिटवायचे ते तिथेच आणि निवडणुकीची बैठकही तिथेच. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, स्थापन झाली. पुढे रावणेश्वराचे तळे बुजवून झालेल्या जागेवर शाहू स्टेडियम उभे राहिले. पण गॅलरीत येऊन बसला तो प्रेक्षक खासबागेतलाच होता. त्याची नजर कुस्तीवर तयार झालेली. निकाल डोळ्यांना दिसला पाहिजे, ही त्याची अपेक्षा.

फुटबॉलमध्ये नेमके तेच होत नाही. ऑफसाइडची माती पाठीला लागत नाही. पास सुटला त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठे होता हे पाहायचे, तर एका डोळ्याने चेंडू आणि दुसऱ्याने बचावफळी पाहावी लागते, आणि तेही रेषेच्या सरळ समोर उभे राहून. गॅलरीतल्या कोपऱ्यावरून ते दिसणे शक्यच नाही. तरी हजारो माणसे छातीठोकपणे सांगतात की ऑफसाइड नव्हता. ती खोटे बोलत नाहीत. त्यांना दिसले तेच ती सांगतात.

मध्यंतरी कुस्तीवरही तीच वेळ आली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या लढतीत महेंद्र गायकवाडला चार गुण दिले गेले, ते योग्य होते की नाही यावर राज्यभर गदारोळ झाला. समोरचा मल्ल सिकंदर शेख कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला, त्यामुळे इथे तर घरोघरी मोबाइलवर तो डाव थांबवून थांबवून पाहिला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला त्याच्याही पुढचे घडले. चितपटीचा निर्णय मान्य नाही म्हणून शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. गादीवरच्या कुस्तीत पाठ टेकली की नाही यावरसुद्धा असा प्रसंग घडतो, तर हँडबॉलचे काय घेऊन बसलात!

हँडचा एक प्रसंग जवळून पाहू. कॉर्नर आली आहे. डीमध्ये चौदा-पंधरा खेळाडूंची रेटारेटी. चेंडू एका डोक्याला लागून खाली येतो आणि बचावपटूच्या कोपराजवळ आदळतो. मुख्य पंच दहा-बारा पावलांवर आहे, पण मध्ये दोन पाठी आहेत. हात अंगालगत होता की पसरलेला? चेंडू किती अंतरावरून आला? हात चेंडूकडे गेला की चेंडू हाताकडे? एवढे सगळे क्षणभरात ठरवायचे. तो लाइनमनकडे बघतो, झेंडा खालीच आहे. खेळ पुढे चालू. तोवर अर्धी गॅलरी उभी राहिलेली असते आणि पहिली हाक येते, ‘ए पंच, दिसला न्हाई व्हय?’

त्यात आणखी एक गुंता आहे आणि तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. हँडबॉलचा नियम २०१९ मध्ये नव्याने लिहिला गेला आणि २०२१ मध्ये त्याला पुन्हा हात लागला. पन्नाशीचा माजी खेळाडू आपल्या काळच्या नियमाने बोलतो, शेजारचा कॉलेजचा पोरगा टीव्हीवरच्या प्रीमियर लीगच्या सामन्यात पाहिलेले सांगतो, आणि मैदानातला पंच चालू वर्षाच्या पुस्तकाप्रमाणे निर्णय देतो. एकाच गॅलरीत असे निरनिराळे नियम नांदत असतील तर एकमत कुठून होणार?

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. इंग्लंडला रेफ्री आणला तो ‘तिसरा’ म्हणून, दोघांपैकी कुणाचाच नसलेला. कोल्हापुरात असा माणूस आणायचा कुठून? पंच झालेला बहुतेक वेळा इथलाच जुना खेळाडू असतो. तो कधीकाळी कुठल्यातरी तालमीकडून खेळलेला असतो, त्याची सासुरवाडी शिवाजी पेठेत असते, मावसभाऊ मंगळवार पेठेत. त्यामुळे सामन्याच्या आधीच प्रश्न येतो, ‘आज पंच कुठला?’ एक निर्णय उलट गेला की त्याची पेठ बाहेर काढली जाते. यात पंचावर अन्याय होतो असे मी ठामपणे म्हणतो. ज्याला त्याच गल्लीतून घरी जायचे आहे, त्याच किराणा दुकानात उभे राहायचे आहे, तो पक्षपात करून काय मिळवणार? बाहेरून आलेला पंच चुकला तर रात्रीच्या गाडीने निघून जातो. गावातला पंच चुकला तर वर्षानुवर्षे ऐकून घेतो. तो चुकतो ते माणूस म्हणून. आणि नियम पाच सांगतो की खेळातल्या घटनांविषयी, गोल झाला की नाही याविषयीसुद्धा, त्याचा निर्णय अंतिम आहे.

जगात या अंतिमपणाला धक्के बसत गेले. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हर्स्टचा चेंडू रेषेपार गेला असे लाइनमन बहरामोव्ह यांनी सांगितले, आणि जर्मनीत तो वाद अजून मिटलेला नाही. त्याच स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रातीनला बाहेर काढले, तेव्हा जर्मन रेफ्रीची भाषाच त्याला कळत नव्हती. त्या गोंधळानंतर केन अ‍ॅस्टन यांना पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली आणि १९७० मध्ये मेक्सिकोत कार्डे आली. १९८६ चा मॅराडोनाचा हात तर आपल्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. २०१० मध्ये लॅम्पार्डचा स्वच्छ गोल नाकारला गेला, २०१२ मध्ये गोलरेषेच्या तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली, २०१८ मध्ये विश्वचषकात व्हीएआर आले. वाद संपला का? नाही. आता तो पडद्यावरच्या रेषा कुठे आखल्या यावर होतो.

वाद हातघाईवर आला की काय होते तेही याच इतिहासात आहे. १९६४ मध्ये लिमाला पेरूचा गोल नाकारला गेला, त्यानंतरच्या चेंगराचेंगरीत तीनशेहून अधिक माणसे मेली. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात मैदानातली मारामारी गॅलरीत पोचली आणि १६ प्रेक्षकांचा जीव गेला. शाहू स्टेडियमवरही दगड आले आहेत, बाटल्या आल्या आहेत, सामने थांबले आहेत, पोलिसांच्या काठ्या चालल्या आहेत. त्याला ईर्षा म्हणून पांघरूण घालणे मला मान्य नाही. निर्णयावर बोलण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आहे. पंचाच्या अंगावर धावून जाण्याचा हक्क कुणालाही नाही.

प्रशिक्षकावरचा वाद त्या मानाने तरुण आहे, आणि त्याला कारण आहे. खेळाडू बदलायची सोयच पूर्वी नव्हती. इंग्लंडच्या लीगमध्ये बदली खेळाडू १९६५ मध्ये आला, विश्वचषकात १९७० मध्ये. त्याआधी शिट्टी वाजली की प्रशिक्षकाचे काम जवळपास संपायचे. पुढे दोनाचे तीन, तीनाचे पाच बदल झाले आणि दर बदलाबरोबर चुकायला एक जागा वाढली. कोल्हापुरात तर संघ ठरवायचा तो तालमीतल्या ज्येष्ठांनी, आणि त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. आता बाकावर प्रशिक्षक बसतो. टायब्रेकरच्या तोंडावर त्याने गोलकीपर बदलला आणि सामना गेला, तर आठवडाभर त्याला रस्त्याने चालणे अवघड होते.

पंच आणि प्रशिक्षक या दोन्ही वादांची गाठ कशी पडते, हे ११ जून २०२४ च्या रात्री दोह्यात दिसले. कतारविरुद्ध जिंकला असता तर भारत विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच गेला असता. ३७ व्या मिनिटाला छांगतेने गोल मारला होता. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेला, आपली पोरे शिट्टीची वाट बघत थांबली, कतारच्या खेळाडूने चेंडू आत ओढला आणि आयमेनने गोल केला. दक्षिण कोरियाच्या रेफ्रीने तो दिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हते. कतार २-१ ने जिंकला. इथे पेठांमध्येही त्या रात्री रेफ्रीचा उद्धार झाला, आणि तो रास्तच होता. पण सहा सामन्यांत भारताने मिळून तीन गोल केले होते, त्यातला अफगाणिस्तानविरुद्धचा गुवाहाटीचा पराभव तर कुठल्याच रेफ्रीच्या नावावर टाकता येत नाही. सहा दिवसांनी प्रशिक्षक स्टिमाच यांना काढले. रेफ्री चुकला हे खरे, आणि संघ तिथवर लंगडत आला होता हेही खरे. कोल्हापूरच्या कट्ट्यावर अनेकदा यातले पहिलेच मोठ्याने बोलले जाते.

निर्णय पटला नाही म्हणून संघ बाहेर नेण्याची किंमतही आपण पाहिली आहे. मार्च २०२३ मध्ये बंगळूरूला छेत्रीने चटकन घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला, केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक वुकोमानोविच खेळाडूंना घेऊन बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. क्लबला चार कोटींचा दंड झाला, त्यांच्यावर दहा सामन्यांची बंदी आली. सामना हातचा गेला तो गेलाच.

म्हणून दोन मागण्या आहेत. केएसएने हंगामाच्या आधी एक संध्याकाळ ठेवावी, शाहू स्टेडियमच्या गॅलरीतच, आणि त्या वर्षी बदललेले नियम प्रेक्षकांना समजावून सांगावेत. प्रश्न विचारायला सगळ्या तालमी येतील, खात्री आहे. आणि तालमींनो, तुम्ही दर हंगामाला अकरा खेळाडू देता, आता एक पंचही द्या. खेळणे थांबवलेला, नियमांवर तावातावाने बोलणारा एक तरी जाणता पोरगा तुमच्या कट्ट्यावर बसलेला आहेच. त्याला पंचपरीक्षेला बसवा, आणि तो शिट्टी घेऊन मैदानात उतरेल त्या दिवशी त्याची पेठ विचारू नका.